टीव्हीवरची बदकं मारायची बंदूक नव्या टीव्हीवर का चालत नाही?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी. मी अमळनेर तालुक्यातला. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी गावाकडचं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावर कोठीच्या मागं एक पत्र्याची पेटी सापडली. आत आमचा जुना टीव्ही गेम होता. पांढरा डबा, दोन रिमोट, ‘9999999 इन 1’ लिहिलेली पिवळी कॅसेट आणि नारिंगी बंदूक. बंदुकीच्या वायरीभोवती अजून तीच सुतळी होती, जी मी शाळेत असताना बांधली होती.

हा गेम काकांनी 1996 च्या दिवाळीत आणला. ते सुरतेजवळ उधन्याला लूमवर (यंत्रमागावर) होते. सुरतेहून भुसावळ पॅसेंजरनं रात्री उतरले, आणि फराळाच्या डब्याआधी हा डबा उघडला गेला. आमच्याकडे चौदा इंची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. चॅनेलचं बटन हळूहळू फिरवायचं, मुंग्या विरळ होत जायच्या आणि मग एकदम चित्र यायचं. ते बटन फिरवण्याचा मान माझ्या मोठ्या भावाचा.

पण बंदुकीचा मान मोठ्या मायचा. म्हणजे आमच्या आजीचा. तिनं तरुणपणी दादर, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, राखली आहे. मळ्यात मचाणावर बसून गोफणीनं पोपट हाकलायची. गोफण सोडताना डावा डोळा मिटायची सवय होती, तीच बंदुकीला लागली. आम्ही पोरं टीव्हीला नळी टेकवून मारायचो. ती खाटेवरून मारायची, आणि दहातली आठ-नऊ बदकं पाडायची. एखादं सुटलं की गवतातून कुत्रं वर येऊन हसायचं. ती अहिराणीत विचारायची, “हाई कुत्रं काब्र हासस?” (हे कुत्रं का हसतं?) आणि खरंच चिडायची.

मोठी माय आता शहाऐंशीची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्या डोळ्यानं चांगलं दिसतं. सुट्टीत भाचे येणार आहेत. तिच्या हातात ही बंदूक परत द्यायची, एवढीच माझी इच्छा आहे.

गेम नव्या एलईडी टीव्हीला पिवळ्या वायरीनं जोडला. चित्र आलं, गाणं वाजलं, बदकं उडाली. पण बंदुकीनं एकही पडत नाही. अगदी स्क्रीनला टेकवून मारलं तरी नाही. घोडा दाबला की ‘कट’ आवाज येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते, आणि कुत्रं हसतं. बंदूक गेली का? का टीव्हीचा काही दोष आहे? जळगावला एका दुकानात दाखवली, तर त्यांनी न उघडताच “फेकून द्या” म्हणून सांगितलं. मला फेकायची नाही.

केळीबाग_रावेर

भाऊ, नव्या टीव्हीवर ती चालतच नाही. मोबाइलवर तोच खेळ मिळतो, बोटानं बदकं मारता येतात. आजींना ते सोपं जाईल.

बोरीकाठचा

दादा, मोबाइल देऊन पाहिला होता. तिनं हातात घेतला आणि परत दिला. तिला नेम धरायचा असतो. बोट लावण्यात नेम नाही.

शिरपूरकर_पुण्यात

बोरीकाठ, तुमची बंदूक बहुतेक चांगली आहे. ती काय करते ते सांगतो, मग तुमचं तुम्हालाच कळेल.

आपण लहानपणी समजायचो की बंदुकीतून काहीतरी निघतं आणि टीव्हीला लागतं. निघत काहीच नाही. नळीच्या तोंडाशी एक भिंग आहे आणि तळाशी उजेड ओळखणारा छोटा सेन्सर. म्हणजे ती बंदूक नसून एका डोळ्याची बघ्या आहे. तुम्ही घोडा दाबला की डब्याला खबर जाते. डबा लगेच अख्खी स्क्रीन काळी करतो. त्यानंतर जिथं बदक आहे तेवढ्याच जागी पांढरा चौकोन काढतो, बाकी काळंच. काळ्यानंतर बंदुकीला उजेड दिसला तर नेम लागला. दोन बदकं असली तर आधी एकाचा चौकोन, मग दुसऱ्याचा. कोणत्या चौकोनाच्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं पडलं ते ठरतं. हे सगळं सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात होतं. तुम्हाला लुकलुकल्यासारखं वाटतं ते हेच.

निन्टेन्डो कंपनीनं हा खेळ 1984 मध्ये जपानात काढला, अमेरिकेत तो 1985 मध्ये आला. तिथं बंदूक आधी करड्या रंगाची होती. खरी वाटू नये म्हणून पुढे नारिंगी केली. आपल्याकडे आलेले डबे त्याच्याच नकला, म्हणून तुमची नारिंगी.

आता टीव्हीकडे येऊ. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये चित्र एकदम उमटत नाही. एक किरण डावीकडून उजवीकडे ओळ ओढतो, मग खालची ओळ, मग त्याखालची. आपल्याकडच्या पद्धतीत 625 ओळी, आणि वरून खालपर्यंत सेकंदाला 50 फेऱ्या, पण एका फेरीत निम्म्याच ओळी, एक सोडून एक. हिशेब केला तर सेकंदाला 15,625 ओळी, एका ओळीला 64 मायक्रोसेकंद. किरण पुढे गेला की मागचा ठिपका विझायला लागतो. त्यामुळे बंदुकीला पांढरा चौकोन सलग उजेडासारखा दिसत नाही. टक-टक-टक असे भराभर झटके दिसतात, आणि निन्टेन्डोच्या बंदुकीतलं सर्किट त्याच वेगाच्या झटक्यांसाठी जुळवलेलं होतं.

एलईडी टीव्हीत किरण नाही, ओळ ओढणं नाही. मागून दिवा सलग, पुढे चित्र थांबलेलं. त्यात हे टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतात, ताणतात, स्वच्छ करतात आणि मग दाखवतात. त्यात उशीर होतो. डबा म्हणतो “आत्ता बघ”, बंदूक बघते, पण स्क्रीनवर अजून आधीचंच चित्र आहे. चौकोन येतो तोवर डब्यानं निकाल लावलेला असतो.

एक करून बघा. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टीव्हीचं शूटिंग करा आणि घोडा दाबा. काळी स्क्रीन आणि पांढरा चौकोन दिसला तर सांगा.

बोरीकाठचा

केलं. दिसला! आधी काळं, मग एका कोपऱ्यात पांढरा तुकडा. सत्तावीस वर्षं हा खेळ माहीत आहे आणि तो चौकोन आज पहिल्यांदा बघितला. भाचीनं तो व्हिडिओ चारदा बघितला.

एक शंका. माझा भाऊ बल्बकडे नेम धरून मारायचा आणि म्हणायचा की न चुकता लागतं. परवा मी शंभरचा बल्ब लावून करून पाहिलं, एकही पडलं नाही. त्यावरून मला वाटलं की बंदूकच मेली.

शिरपूरकर_पुण्यात

बल्बवरून काही ठरवू नका. बल्ब काळ्या स्क्रीनच्या वेळीही पेटलेलाच असतो. तेव्हाही उजेड दिसला की डबा समजतो, ही चोरी आहे, आणि नेम धरत नाही. ती काळी स्क्रीन मुळात त्यासाठीच ठेवली आहे. बल्बला फसणारी बंदूक त्याच्याही आधीची. 1972 मध्ये अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स ओडिसी नावाचा पहिला घरगुती टीव्ही गेम आला, राल्फ बेअर यांच्या डोक्यातून निघालेला. त्याच्याबरोबर वेगळी रायफल विकत मिळे. ती फक्त उजेड आहे का एवढंच बघायची, म्हणून बल्बकडे धरली तरी नेम लागायचा. तुमच्या भावानं दुसऱ्या कुठल्या खेळात केलं असेल तर तेही शक्य आहे. त्या कॅसेटींत काय काय भरलेलं असायचं!

जुना_मेकॅनिक_भुसावळ

भाऊ, मी 1984 पासून टीव्ही दुरुस्त करतो. आता दुकान मुलगा बघतो, एलईडीची कामं त्याची. ट्यूबचा सेट आला की मला हाक मारतो.

तुमच्या लिहिण्यातच अर्धी तपासणी झालेली आहे. घोडा दाबल्यावर स्क्रीन काळी होते, म्हणजे घोड्याचं बटन चांगलं, घोड्याची तार चांगली, डब्याचा सॉकेट चांगला. त्या वायरीत चार तारा असतात: पाच व्होल्ट, अर्थ, घोडा आणि उजेड. अर्थ आणि घोडा या दोन तुम्ही न उघडता तपासल्या. राहिल्या दोन. त्यांचा निकाल ट्यूबच्या टीव्हीसमोरच लागेल.

तोवर बंदूक उघडा. एका बाजूला स्क्रू असतात, पाच-सहा. टेबलावर पांढरं फडकं अंथरा आणि सावकाश उघडा. घोड्याची स्प्रिंग उडून जाते आणि मग अख्खं घर ती शोधत बसतं. पुढचं भिंग काढून सुती कापडानं पुसा, थिनर लावू नका, प्लॅस्टिक पांढरं पडतं. नळीतून आरपार बघा. माझ्याकडे आलेल्या बंदुकांत निम्म्या वेळा दोष एवढाच निघायचा: नळीत कोळ्याचं जाळं, नाहीतर कुंभारीण माशीचं मातीचं घर. सेन्सर चांगला, पण त्याच्यापर्यंत उजेडच पोचत नाही.

दुसरं, वायर मुठीतून बाहेर येते त्या वळणावर बोटानं दाबून बघा. पोरं डब्याभोवती वायर ओढून गुंडाळतात, तिथं आतली तार तुटते आणि वरून काही दिसत नाही. मऊ पडलेली लागली तर तेवढा तुकडा कापून परत सोल्डर करा.

आता टीव्ही. ब्लॅक अँड व्हाइट चालेल, रंगीत चालेल. फक्त एक सांभाळा. शेवटच्या काळात मोठे सपाट काचेचे भारी सेट आले होते, त्यांच्यावर 100 हर्ट्झ लिहिलेलं असायचं. ते घेऊ नका. ट्यूब असली तरी आत ते चित्र साठवून दुप्पट वेगानं दाखवतात, बंदुकीचा मेळ बसत नाही. साधा चौदा इंची किंवा एकवीस इंची घ्या. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवून ठेवा.

एक गंमत सांगतो, आम्ही दुकानात बघितलेली. उन्हाळ्यात पंप चालू झाले की गावात व्होल्टेज पडायचं आणि चित्र चहूबाजूंनी आत यायचं, कडेला काळी पट्टी. गिऱ्हाइकं तक्रार करायची की चित्र आखडलं. बंदूक मात्र तेव्हाही चुकत नसे. कारण ती जागा मोजत नाही. बदक जिथं सरकलं, तिथंच त्याचा चौकोनही सरकलेला असतो.

आणि हात जोडून सांगतो, ट्यूबचा सेट मागून स्वतः उघडू नका. एकवीस इंची रंगीत सेटच्या ट्यूबला 25 हजार व्होल्टच्या आसपास लागतात, आणि बंद केल्यावरही ट्यूब तो भार धरून ठेवते. ज्याला तो उतरवता येतो त्यालाच उघडू द्या.

सातपुड्याची_लेक

मी मूळची दोंडाईच्याची, आता नाशिकला असते. तुमचा धागा वाचून माझ्या मामेभावाचं विमान आठवलं.

1988 ची गोष्ट. शेजारच्या डॉक्टरांचे भाऊ अमेरिकेहून आले आणि त्यांनी माझ्या मामेभावाला एक खेळण्यातलं विमान दिलं. कॅप्टन पॉवर नावाच्या मालिकेचं. पुढे मोठी झाल्यावर मी त्याबद्दल वाचलं. मॅटेल कंपनीनं 1987 मध्ये ती मालिका आणि खेळणी एकत्रच काढली होती. मालिकेतल्या लढाईत पडद्यावर काही जागा ठरावीक गतीनं लुकलुकायच्या. विमान हातात धरून तिकडे नेम धरायचा, म्हणजे तुमच्या बंदुकीसारखंच. पण त्यात आणखी एक होतं. पडद्यावरचा शत्रूही तुमच्यावर गोळ्या झाडायचा. विमान त्याचा उजेड ओळखायचं, आणि पाच वेळा लागलं की आतला वैमानिक खट्‌कन उडून बाहेर पडायचा. टीव्ही घरातल्या खेळण्याला मारू शकतो, ही कल्पनाच केवढी! मालिकेचे 22 भाग झाले आणि ती संपली. लहान मुलांना टीव्हीसमोर बसवून गोळ्या झाडायला लावता म्हणून पालकांनीही बोल लावले होते.

आमच्या टीव्हीवर ती मालिका कधी दिसली नाही. त्या पाहुण्यांनी एक कॅसेटही आणली होती, पण तिकडची पद्धत वेगळी, 525 ओळींची, सेकंदाला 60 फेऱ्यांची. डॉक्टरांच्या व्हीसीआरवर नुसत्या आडव्या रेघा आल्या. त्या रविवारी रामायण लागलं होतं, टीव्हीला हार घातलेला, ओटीवर तीस-चाळीस माणसं. मामेभाऊ सगळ्यांच्या मागं उभा राहून विमान टीव्हीकडे धरून होता. बाण सुटायचे, उजेड व्हायचा, आणि तो वैमानिकाकडे बघायचा. वैमानिक जागचा हलला नाही.

तसली दोन विमानं असली तर ती एकमेकांवरही मारा करू शकत होती. पण दोंडाईच्यात दुसरं विमान कुणाकडे असणार? वर्षभर तो ते घेऊन झोपला. तुमच्या बंदुकीला निदान तिचा टीव्ही भेटू शकतो. शोधाच.

शिरपूरकर_पुण्यात

ताई, फार छान आठवण सांगितलीत. ट्यूबचा उजेड वाचणाऱ्या वस्तूंत एक घड्याळही होतं. टायमेक्सनं मायक्रोसॉफ्टबरोबर 1994 मध्ये डेटालिंक काढलं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर आडव्या रेघा चमकायच्या, घड्याळ समोर धरायचं, आणि फोन नंबर, भेटीच्या वेळा घड्याळात उतरायच्या. तेही ट्यूबच्या मॉनिटरवरच. लॅपटॉपच्या सपाट स्क्रीनवर चालेना, तेव्हा वेगळी जोडणी विकावी लागली.

बोरीकाठ, ट्यूबचा टीव्ही मिळालाच नाही तर सिंडेन नावाची नवी बंदूक आहे. तिच्यात कॅमेरा असतो. स्क्रीनभोवती पांढरी चौकट काढायची, कॅमेरा ती चौकट बघून नेम कुठं आहे ते ठरवतो. एलईडीवर चालते. पण बाहेरून मागवावी लागते, कॉम्प्युटर लागतो, आणि ती तुमची नारिंगी बंदूक नसेल.

बोरीकाठचा

आधी ट्यूबच शोधतो. बंदूक उघडली. काका, तुम्ही म्हणालात तेच! नळीत कुंभारीण माशीचं वाळलेलं घर. भिंगावर पिवळट थर होता तो पुसला. वायर वळणाशी मऊ लागली, तीन इंच कापून सोल्डर केली. स्प्रिंग उडाली नाही, कारण भाचीला वरून वाटी धरून बसवलं होतं.

बोरीकाठचा (अकरा दिवसांनी)

टीव्ही मिळाला. अमळनेरात चार भंगारवाल्यांकडे फिरलो. त्यांच्याकडे सेट होते, पण तांब्यासाठी मागची कॉइल आधीच काढलेली. एकाकडे अंगणात फुटलेल्या ट्यूबांचा ढीग होता, तो बघवेना. शेवटी पारोळ्याला एका केबलवाल्याकडे एकवीस इंची मिळाला. आधी तपासणीसाठी वापरायचा, आता त्यावर रजिस्टरं ठेवलेली होती. पाचशे म्हणाला, चारशेला दिला. मोटारसायकलवर येईना, म्हणून मित्राच्या छोट्या हत्तीत गोधडीत गुंडाळून आणला. चालू केल्यावर तो बारीक ‘चीं’ आवाज आला, आणि भाचे म्हणाले, काही आवाज नाही येत, तेव्हा मला वाटलं की हे कानाचे दोष की काय. मग भाची म्हणाली, “येतोय, मला येतोय.”

आधी मी एकट्यानं मारून पाहिलं. पहिलंच बदक पडलं. मला राहवेना, पण कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी मोठ्या मायला खाटेवर टेकून बसवलं. बंदूक हातात दिली तर तिनं आधी ती नाकाशी नेऊन वास घेतला. मग म्हणाली, “हलकी व्हयी गयी का?” ती तेवढीच आहे, तिनं गोधडीवर हात टेकवून धरली होती म्हणून. हात थरथरत होता. पहिल्या तिन्ही फैरी वाया गेल्या, बदक उडून गेलं, कुत्रं वर आलं. सगळी पोरं गप्प. ती कुत्र्याकडे बघत राहिली. दुसऱ्या बदकाला तिनं बंदूक गुडघ्यावर टेकवली, डावा डोळा मिटला, आणि बदक वर चढून वळतं तिथं थांबून राहिली. त्याच्या मागं मागं नेली नाही. पोपट कुठं येणार ते आधी धरायचं, मग सोडायचं, असं ती आम्हाला गोफणीचं सांगायची. बदक तिथं आलं आणि पडलं.

“पडनं का?” तिनं विचारलं. भाची ओरडली, “पडनं, पडनं!” तिला अहिराणी येत नाही, पुण्यात वाढली आहे. तेवढा शब्द तिनं त्याच क्षणी उचलला.

दहातली चार पाडली. मग “आखो एक डाव,” म्हणाली. असे सहा डाव झाले. जेवण झाल्यावर सातवा मांडला तेवढ्यात लाइट गेली.

सातपुड्याची ताई, तुमच्या मामेभावाला हे वाचायला द्या. काका आणि शिरपूरकर दादा, तुमचे उपकार.

काका, एक विचारायचं आहे. या सेटवर चित्राची वरची कड दुमडल्यासारखी दिसते. दोन बोटं रुंदीची पट्टी, तिथं चित्रावर चित्र. बदक तिथं गेलं की नेम लागत नाही. हे कशामुळे?

जुना_मेकॅनिक_भुसावळ

व्हर्टिकलचं, म्हणजे किरण वरून खाली नेणाऱ्या सर्किटचं काम आहे. बहुतेक कंडेन्सर वाळलाय, वीस-तीस रुपयांची वस्तू. मागच्या झाकणावरचा मॉडेल नंबर लिहून पाठवा. रविवारी अमळनेरला नात्यात लग्न आहे, येताना कंडेन्सर आणि सोल्डर घेऊन येतो. झाकण उघडू नका. आजींना सांगा, तोवर वरची बदकं सोडून द्या.